औषधे देणाऱ्या हातांमागील मन

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळा-कचेऱ्या बंद झाल्या, आपल्या चर्चची दारेही मिटली; औषधांची दुकाने मात्र उघडी राहिली. करोनाच्या त्या काळात डॉक्टर व परिचारिका यांच्या सेवेचा आपण यथोचित गौरव केला. परंतु काउंटरपलीकडे दिवसभर उभ्या असलेल्या फार्मासिस्टच्या मनावर काय गुदरले, याचा विचार आपण फारसा केला नाही.

तो ताण केवळ अधिक कामाचा नव्हता. टाळेबंदीच्या दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीवर निर्बंध घातले. चिठ्ठीविना ते औषध देता येईना. प्रत्येक विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. संधिवाताच्या व ल्युपसच्या रुग्णांना त्या गोळ्या खरोखर लागतात. भयभीत लोक मात्र त्या साठवण्यासाठी मागत होते. अशा वेळी नकार देणे हे कर्तव्य होते, पण ऐकणाऱ्याला तो निष्ठुरपणा वाटे. पुढे एप्रिल 2021 मध्ये रेमडेसिविरचा तुटवडा झाला. 11 एप्रिलला निर्यातबंदी झाली, तरी आजारी वडिलांसाठी चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाला रिकाम्या हाती परत पाठविण्याचा प्रसंग येतच राहिला.

योग्य काय ते कळते, पण ते करणे आपल्या हाती नसते. या अवस्थेला नैतिक क्लेश म्हणतात. तो वारंवार वाट्यास आला की मनात अपराधभाव साचतो. त्यात संसर्ग घरी नेण्याची भीतीही मिसळते. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही, तर 'बर्नआउट' होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची तीन लक्षणे नमूद केली: शक्तिपात, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा आणि कार्यक्षमता घटल्याची भावना. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. मात्र झोप उडणे, सतत उदास वाटणे असे त्रास टिकून राहिल्यास तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

ख्रिस्तसभेने या सेवेला पूर्वीपासून मान दिला आहे. सिराकच्या ग्रंथातील 38 व्या अध्यायात वैद्याबरोबर औषधे सिद्ध करणाऱ्याचाही उल्लेख येतो. 26 सप्टेंबरला ज्यांचा सण येतो ते संत कॉस्मस व दमियन हे वैद्यांप्रमाणेच औषधनिर्मात्यांचेही आश्रयदाते संत आहेत.

मग आपण काय करू शकतो? चिठ्ठीविना औषधाचा हट्ट धरू नये; औषध नसल्याचा राग देणाऱ्यावर काढू नये; आपल्या धर्मग्रामातील औषधविक्रेत्याची आपुलकीने विचारपूस करावी. या व्यवसायातील बंधुभगिनींनीही मदत मागण्यात संकोच मानू नये. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेत 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. मनाच्या वेदनेसाठी मदत घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे. इतरांना औषध देणाऱ्यालाही औषधाची गरज भासू शकते, एवढे आपण ध्यानी ठेवू या.