इंजिनाची बैठक

गतवर्षी दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी भातसानगरास मला भेटावयास आला. शहापूरजवळ महामार्गाच्या कडेला असलेल्या एका गॅरेजात तो काम करतो. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तेलकट, फाटका रबराचा तुकडा होता. तो म्हणाला, "सर, हे इंजिनचे माउंटिंग. गिऱ्हाइकाची गाडी टर्बोची आहे, तिला शर्यतीत उतरवायची आहे. ते म्हणतात, सगळी रबरे काढ आणि ॲल्युमिनियमचे ठोकळे बसव. बसवू का?" मी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, "बसव. रबर फाटते, धातू फाटत नाही."

तो निघून गेला आणि मला चैन पडेना. रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की आपण शिक्षकाच्या अधिकाराने चुकीचे उत्तर दिले आहे. सकाळी त्यास दूरध्वनी करून थांबविले. त्यास पुढे जे समजावून सांगितले, तेच येथे सर्वांच्या उपयोगासाठी लिहीत आहे.

प्रथम ही शर्यत कोणती ते पाहू. तिला 'ड्रॅग रेस' म्हणतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात व इशारा होताच सरळ रेषेत धावतात. पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, हे तिचे रूढ अंतर होय. वळण नाही, चढ नाही. सर्व कसोटी निघण्याच्या क्षणाची. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅली येथील विमानांच्या धावपट्टीवर 2010 नंतरच्या दशकात 'द व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती भरविल्या गेल्या.

आता इंजिनाच्या बैठकीकडे वळू. मोटारीच्या आरंभकाळात इंजिन बहुधा सांगाड्यास बोल्टांनी घट्ट आवळलेले असे. चार सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर त्यामुळे थेट प्रवाशांच्या हाडांपर्यंत पोहोचे. 1931 साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लायमाउथ गाडीत इंजिन रबराच्या गाद्यांवर अशा रीतीने बसविले की ते आपल्या जागी डोलू शकेल, परंतु त्याचा कंप गाडीत उतरणार नाही. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनेही लौकरच ही युक्ती स्वीकारली. आज आपल्या दारापुढून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत याच युक्तीचा वंश नांदत आहे.

सबब माउंटिंगची कामे तीन: इंजिनाचे वजन तोलणे, त्याचा कंप अडविणे आणि त्याचा पीळ सोसणे. पहिली दोन कामे सहज समजतात. तिसऱ्यासाठी न्यूटनचा तिसरा नियम आठवावा. इंजिन चाकांना ज्या जोराने फिरविते, त्याच जोराने चाके इंजिनाला उलट दिशेने फिरवू पाहतात. ज्या गाड्यांत इंजिन आडवे असते व पुढची चाके ओढतात, तेथे इंजिन व गिअरबॉक्स एकाच जोडपिंडात असल्यामुळे चाकांवरचा सर्व पीळ माउंटिंगवर उलटतो. अशा पुष्कळ गाड्यांत वरची दोन माउंटिंगे वजन तोलतात, आणि खाली एक आखूड दांडा असतो, तो पीळ धरून ठेवितो. त्यास 'टॉर्क रॉड' म्हणतात.

आता हिशेब. समजा, इंजिनाचा पीळ 350 न्यूटन-मीटर आहे आणि पहिल्या गिअरात तो एकंदर 14 पट होतो. म्हणजे चाकांवर 4900 न्यूटन-मीटर. परंतु इतका पीळ रस्ता स्वीकारील काय? गाडी चालकासह 1250 किलोची धरा. सुटताना भार मागे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांवर निम्मा, 625 किलो, राहिला असे माना. साध्या टायरची पकड जास्तीत जास्त जवळजवळ तेवढ्याच भाराइतकी, म्हणजे सुमारे 6100 न्यूटन. चाकाची त्रिज्या 0.3 मीटर, तेव्हा पीळ झाला सुमारे 1830 न्यूटन-मीटर. त्यापुढे टायर नुसता घसरतो. हा पीळ अर्ध्या मीटरच्या अंतरावर तोलावयाचा तर दांड्यावर सुमारे 3660 न्यूटन, म्हणजे पावणेचार क्विंटल भार येतो. मुरबाडच्या बाजारात पन्नास किलोची साडेसात पोती तांदूळ एका लहानशा रबरावर रचावे, तसे हे झाले! शर्यतीचे चिकट टायर लावून पकड दुप्पट केली, तर हा भारही दुप्पट होतो. यावरून पहिला धडा असा की, माउंटिंग निवडताना केवळ इंजिनाची शक्ती विचारू नये. टायर कोणते, हेही विचारावे.

टर्बोचार्जरमुळे या कामात आणखी भर पडते. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक लहान चक्र फिरते व ते इंजिनात जादा हवा कोंबते. ही जादा शक्ती आरंभापासून येत नाही. थोड्या विलंबाने व एकदम येते. म्हणून रबरावर नुसता भार नव्हे, घाव पडतो. शिवाय टर्बो इंजिनास जोडलेला, तर त्याच्या हवेच्या नळ्यांची दुसरी टोके गाडीच्या अंगास बांधलेली. इंजिन फार डोलले की नळी निसटते, धुराच्या नळकांड्याचा सांधा तडकतो. टर्बोच्या आचेने जवळचे रबरही करपते. तेथे पत्र्याची आड हवी. टायर क्षणात पकडतो, क्षणात सुटतो, तेव्हा इंजिन पुढेमागे आदळते आणि चाकांकडे जाणारे दांडे मोडण्याची भीती असते. यास्तव शर्यतीच्या गाडीत इंजिनाचे डोलणे कमी करणे अवश्य आहे, यात शंका नाही.

मग माझे उत्तर चुकले कोठे? 'सगळीकडे' या शब्दात. रबराने जे सोसले नाही, ते नाहीसे होत नाही. ते पुढच्या दुर्बळ जागी जाते. ठोकळा फाटणार नाही हे खरे, पण गिअरबॉक्सचा ओतीव कान तडकेल, अथवा सांगाड्याचे वेल्डिंग उकलेल. आणि एकच जागा कठीण करून त्याच कामाच्या इतर जागा मऊ ठेवणे हेही बरे नव्हे. मांडवाचा वासा चार गडी उचलतात. तिघांनी गुडघे वाकविले की सर्व भार न वाकणाऱ्या चौथ्याच्या खांद्यावर येतो. केवळ शर्यतीसाठीच बांधलेल्या गाडीत सांगाडाच तशा बळाने घडवितात, म्हणून तेथे धातूची बैठक शोभते. परंतु जी गाडी सोमवारी कसारा घाट चढून नाशकास जावयाची आहे, तिला ती शोभत नाही.

या दोहोंमधला मार्ग पॉलियुरेथेनचा. रबराची कठिणता 'शोर ए' या मापाने मोजतात. साधे माउंटिंग या मापावर बहुधा 50 ते 60 च्या आसपास असते. पॉलियुरेथेनचे 70 पासून 95 पर्यंत मिळते. पीळ धरणाऱ्या खालच्या दांड्यास कठीण बुश घालावे, कारण त्याचे काम निराळे आहे. वजन तोलणारी वरची दोन चांगल्या स्थितीतील रबराचीच ठेवावी. एवढ्याने भागले नाही, तरच पुढची पायरी चढावी. आणि माउंटिंग असे घ्यावे की, आतील रबर फाटले तरी धातूची कड इंजिनास धरून ठेवील. 1971 साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीस सुमारे 67 लाख गाड्या याच दोषापायी परत बोलवाव्या लागल्या. माउंटिंग तुटून इंजिन उचलले जाई व वेग वाढविणारी कळ ओढली जाऊन अडके. त्या गाड्यांत इंजिन उचलले जाऊ नये म्हणून पुढे साधी तार बांधण्यात आली.

आमच्या विद्यार्थ्याने हे सर्व गिऱ्हाइकास सांगितले. गिऱ्हाईक रागावले, "दुसरीकडे बसवून घेतो," असेही म्हणाले. गॅरेजच्या मालकाने काम हातचे जाते म्हणून याला दोन शब्द सुनावले. तरी तो ठाम राहिला. चार दिवसांनी गिऱ्हाईक परतले आणि दांड्याचे बुश तेवढे बदलून घेऊन गेले. इंजिन सुरू असता आसन थोडे थरथरते, अशी त्यांची तक्रार आहे. ती रास्त आहे. कठिणतेचे मोल कोठे तरी द्यावेच लागते.

जाता जाता एक शब्द. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाला व तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. तो सरळ, रुंद रस्ता पाहून तरुणांचे हात शिवशिवतात, हे मी जाणतो. परंतु शर्यतीसाठी बंद धावपट्टी निवडतात ती उगीच नव्हे. तेथे समोरून कोणाचा बाप, कोणाचे लेकरू येत नसते. माउंटिंग तुटले तर नवे मिळते. पालकांनी व मुलांनी एवढे ध्यानी ठेवावे. आणि शिक्षकाने पहिले उत्तर देण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी, हे मी ध्यानी ठेवीन.