सामुदायिक माहितीपट प्रदर्शन

सामुदायिक माहितीपट प्रदर्शन म्हणजे सामाजिक प्रश्नांवरील स्वतंत्र माहितीपट चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे वस्ती, पाडा, चाळ, शाळा, समाजमंदिर किंवा कामगार संघटनेचे कार्यालय अशा ठिकाणी, लोकांना एकत्र बसवून दाखवणे आणि त्यानंतर त्यावर खुली चर्चा घेणे होय. अशा प्रदर्शनाला सहसा तिकीट नसते. माहितीपटातील प्रश्न ज्यांच्या जगण्याशी निगडित आहे तेच येथे प्रेक्षक असतात, हे या प्रकाराचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते. महाराष्ट्रात मुंबईतील कामगार वस्त्यांमध्ये ही परंपरा विशेष रुजली. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरासारख्या औद्योगिक, सागरी आणि आदिवासी वस्तीच्या भागात तिला वेगळे महत्त्व प्राप्त होते.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत 'माहितीपट' आणि 'अनुबोधपट' हे दोन्ही शब्द प्रचलित आहेत. 'अनुबोधपट' हा शब्द प्रामुख्याने शासकीय निर्मितीच्या संदर्भात वापरला गेला. 'स्वतंत्र माहितीपट' म्हणजे शासन, मोठी निर्मितीसंस्था किंवा दूरचित्रवाणी वाहिनी यांच्या नियंत्रणाबाहेर, दिग्दर्शकाने स्वतःच्या जबाबदारीवर तयार केलेला माहितीपट. त्याला चित्रपटगृह क्वचितच मिळते आणि वाहिन्याही तो दाखवण्यास बहुधा राजी नसतात. त्यामुळे कोणीतरी तो उचलून लोकांपर्यंत नेल्याशिवाय त्याला प्रेक्षक लाभत नाही. सामुदायिक प्रदर्शनाचा उगम या गरजेत आहे.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. मुख्य चित्रपटापूर्वी या संस्थेचे अनुबोधपट व वार्तापट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. ग्रामीण भागात शासनाच्या प्रचारगाड्या पडदा लावून असे पट दाखवत. या व्यवस्थेत बोलणारा एकच असे. प्रेक्षकाने ऐकायचे, उत्तर द्यायचे नाही. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले.

महाराष्ट्रातील गावांना पडद्यावरचा खेळ आणि त्याभोवती जमणारी सभा या दोन्ही गोष्टी पूर्वीपासून परिचित होत्या. जत्रेतील तंबूच्या सिनेमाने पडदा खेडोपाडी नेला होता. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे आणि कामगार चळवळीतील शाहिरी यांनी रंजन व प्रबोधन एकाच मांडवाखाली आणले होते. वस्तीतील माहितीपट प्रदर्शनाचे बाह्य रूप तंबूच्या सिनेमाशी मिळतेजुळते असले, तरी त्याचा स्वभाव जलशाच्या अधिक जवळ जाणारा आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

१९८० साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाचे काम या संदर्भात आरंभीचे व महत्त्वाचे आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर हे या गटाचे सदस्य होते. पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेवरील 'मोलकरीण' (१९८१) आणि बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांवरील 'तंबाखू चाकिला ऊब आली' (१९८२) हे या गटाचे दोन मराठी माहितीपट. दोन्हींची निर्मिती संबंधित कामगार स्त्रियांच्या सहभागातून झाली. एका गावच्या कामगार स्त्रीने मांडलेला अनुभव दुसऱ्या गावच्या कामगार स्त्रीपर्यंत पोहोचवण्याचे साधन, या दृष्टीने हे पट उल्लेखनीय ठरतात.

आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५) मुंबईतील झोपडपट्ट्या व पदपथांवरील रहिवाशांच्या निष्कासनाविषयी आहे. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे त्यात आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे आढळले. त्याच्या निषेधार्थ जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. या घटनांपासून सुरू झालेल्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचे काम सुमारे चौदा वर्षे चालले. जानेवारी २०१२ मध्ये तो मुंबईत भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत रहिवाशांसमोर दाखवण्यात आला. सुमारे तीन तासांच्या या पटाचा प्रारंभीचा प्रेक्षक म्हणून चाळीची निवड होणे ही सामुदायिक प्रदर्शनाच्या इतिहासातील एक ठळक नोंद आहे.

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. दिग्दर्शकांच्या विरोधामुळे ती मागे घेतली गेली. मात्र पुढे अनेक टीकात्मक पट निवडीत वगळले गेल्याने फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवण्यात आला. गुजरातमधील २००२ च्या दंगलींवरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' त्यात दाखवला गेला. या पटाची प्रत मोफत घ्यावी आणि तिच्या आणखी पाच प्रती काढून वाटाव्यात, असे आवाहन दिग्दर्शकाने केले होते. 'विकल्प'मधूनच पुढे जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या आवारात नियमित विनामूल्य प्रदर्शनांचा उपक्रम सुरू झाला.

तंत्रातील बदलांनी या वाटचालीला हातभार लावला. १६ मिलिमीटर फिल्मसाठी जड प्रक्षेपक व जाणकार चालक लागत असे. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट, नंतर सीडी-डीव्हीडी आणि पुढे लहान प्रोजेक्टर व पेनड्राइव्ह आल्यावर एक-दोन कार्यकर्त्यांनाही प्रदर्शन भरवणे शक्य झाले.

प्रदर्शनाची रीत

निमंत्रण वस्तीतील एखाद्या मंडळाकडून, बचतगटाकडून किंवा संघटनेकडून येणे इष्ट समजले जाते. बाहेरच्या संस्थेने परस्पर पडदा लावल्यास लोक पाहतात, पण बोलत नाहीत. उघड्यावरील प्रदर्शन अंधार पडल्यावरच सुरू करता येते. कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने छप्पर असलेली जागा लागते. पडद्यासाठी पांढरी चादर किंवा चुना लावलेली भिंत पुरते. ध्वनीकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागते, कारण माहितीपटाचा आशय बव्हंशी माणसांच्या बोलण्यात असतो.

भाषा ही दुसरी अडचण होय. अनेक पटांची उपशीर्षके इंग्रजीत असतात आणि मराठी असली तरी वृद्धांना व अल्पशिक्षितांना ती वेगाने वाचता येत नाहीत. अशा वेळी पट मध्ये थांबवून स्थानिक बोलीत सारांश सांगण्याची पद्धत आहे. वेळेची निवडही विचारपूर्वक करावी लागते. स्वयंपाकाच्या वेळेला प्रदर्शन ठेवल्यास स्त्रिया येऊ शकत नाहीत आणि फार उशिरा ठेवल्यास पहाटेच्या पाळीचे कामगार अर्ध्यातून उठून जातात.

चर्चा हा प्रदर्शनाचा अविभाज्य भाग आहे. तिचा प्रारंभ पाहुण्यांच्या भाषणाने न करता प्रेक्षकांतील एखाद्याच्या अनुभवाने करावा, असा संकेत आहे. 'पट कसा वाटला?' या प्रश्नापेक्षा 'आपल्याकडे असे काय घडले?' हा प्रश्न अधिक जणांना बोलते करतो.

कायदेशीर चौकट

चलच्चित्र अधिनियम, १९५२ नुसार कोणत्याही चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. महोत्सवांना केंद्र शासनाकडून सूट मिळू शकते. वस्तीतील प्रदर्शन खासगी की सार्वजनिक, यावरून मात्र वाद उद्भवतात.

पूर्वतपासणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तोही एका माहितीपटामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या चार महानगरांवरील लघुपटाबाबतच्या खटल्यात १९७० साली न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनासंमत ठरवली. १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात, निदर्शने व हिंसेच्या धमक्यांपुढे नमून अभिव्यक्तिस्वातंत्र्य दडपता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या अण्वस्त्रविरोधी माहितीपटात मंडळाने सुचवलेल्या काटछाटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिग्दर्शकाच्या बाजूने निर्णय दिला. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यांच्याच 'विवेक' या पटाच्या महोत्सवातील प्रदर्शनास परवानगी दिली.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसर

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या क्षेत्रातील सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना विस्थापित व्हावे लागले. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा या बंदराला दीर्घकाळ विरोध राहिला आहे.

विस्थापन, प्रदूषण, अणुऊर्जा, जमीन आणि मासेमारी हे स्वतंत्र माहितीपटांचे नेहमीचे विषय या एकाच टापूत एकवटले आहेत. नर्मदा खोऱ्यावरील 'नर्मदा डायरी' (१९९५, आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू) किंवा झारखंडमधील युरेनियम खाणीच्या परिसरावरील श्रीप्रकाश यांचा 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा' (१९९९) येथील प्रेक्षकाला परका वाटण्याचे कारण नाही. प्रेक्षकवर्ग मात्र एकजिनसी नाही. किनाऱ्यावर मांगेली व वाडवळी, पाड्यांवर वारली आणि वसाहतीतील कामगारांत हिंदी, भोजपुरी व ओडिया अशा भाषा बोलल्या जातात. शिवाय एकाच कारखान्याकडे कामगार रोजगार म्हणून आणि मच्छीमार खाडी नासवणारा म्हणून पाहतो. हे दोघे एकाच पडद्यासमोर बसल्यास चर्चा सोपी राहत नाही. तथापि ती घडून येण्याच्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासातही पालघरचे नाव नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून येथे दोन तरुणींना अटक झाली. या प्रकरणानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले.

मर्यादा आणि आक्षेप

आधीपासून सहमत असलेलेच लोक अशा प्रदर्शनाला येतात, हा एक आक्षेप आहे. माहितीपट एकच बाजू मांडतो, हा दुसरा. चर्चेत विरोधी मतालाही वेळ देणे हा त्यावर आयोजकांचा सर्वसाधारण उपाय असतो.

अधिक गंभीर प्रश्न पडद्यावर दिसणाऱ्या माणसांचा आहे. मालकाविरुद्ध, कंत्राटदाराविरुद्ध किंवा गावपुढाऱ्याविरुद्ध बोललेली व्यक्ती प्रदर्शनानंतर त्याच वस्तीत राहते. दिग्दर्शक व कार्यकर्ते परततात. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली संमती प्रदर्शनापूर्वी पुन्हा विचारून घ्यावी, असा आग्रह धरला जातो. दुसरीकडे, ज्यांचे बोलणे टिपले त्यांना ते न दाखवताच पट परगावच्या महोत्सवांत फिरवला, तर त्यांच्या दुःखाचे केवळ दर्शन मांडल्यासारखे होते. या दोन्ही चुका टाळणे ही सामुदायिक प्रदर्शनाची खरी कसोटी मानावी लागते.