अधिसूचनेची वाट पाहणारी स्वप्ने

म्हैसूरपासून तीसेक किलोमीटरवर, कावेरी आणि कबिनी यांच्या संगमावर टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव आहे. दर तीन वर्षांनी येथे कुंभमेळा भरतो आणि तेवढ्यापुरते गावाचे नाव बातम्यांत येते. एरवी हे गाव कर्नाटकातील इतर तालुक्यांच्या गावांसारखेच आहे : बसस्थानक, तहसील कचेरी, पोलीस ठाणे आणि शासकीय प्रथम श्रेणी महाविद्यालय. यातील ‘प्रथम श्रेणी’चा गुणवत्तेशी संबंध नाही. इंटरमीजिएटपर्यंत शिकवणारे ते द्वितीय श्रेणीचे आणि पदवीपर्यंत शिकवणारे ते प्रथम श्रेणीचे, या जुन्या विभागणीचा तो अवशेष आहे. अशी सुमारे ४३० महाविद्यालये राज्यात आहेत. घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा वा मुलगी बहुधा त्यांपैकीच एखाद्याच्या वर्गात बसलेली असते.

अशा वर्गात भावी आयुष्याविषयी विचारले की उत्तरे ठरावीक येतात. पोलीस उपनिरीक्षक, तहसीलदार, शिक्षिका, बँकेतील अधिकारी. शहरातून आलेले पाहुणे व्याख्याते ही यादी ऐकून हळहळतात आणि ‘मोठी स्वप्ने पाहा’ असा उपदेश करून परततात. हा उपदेश अन्यायाचा आहे. या मुलांच्या कल्पनाशक्तीत उणीव नाही. गावात नियमित पगार, निवृत्तीची शाश्वती आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी ज्या खुर्च्यांवर दिसतात, त्याच खुर्च्यांची नावे ती घेतात. यादी वास्तवाला धरूनच आहे. तिच्याकडे नेणारी वाट मात्र खचलेली आहे.

उपनिरीक्षकपदाचेच पाहा. ५४५ पदांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये परीक्षा झाली. गैरव्यवहार उघडकीस आल्यावर एप्रिल २०२२ मध्ये ती रद्द झाली. भरती विभागाचे प्रमुख राहिलेल्या अतिरिक्त पोलीस महासंचालकांनाच पुढे अटक झाली आणि फेरपरीक्षेला जानेवारी २०२४ उजाडला. तहसीलदारकीच्या वाटेवरची कथा याहून विचित्र आहे. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या ३८४ पदांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने पूर्वपरीक्षा घेतली. प्रश्नपत्रिकेतील कन्नड भाषांतर इतके सदोष होते की, मुख्यमंत्र्यांना फेरपरीक्षेचा आदेश द्यावा लागला. डिसेंबरअखेरच्या फेरपरीक्षेतही भाषांतराच्या चुका निघाल्या. कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला त्याच्याच राज्यात, त्याच्याच भाषेत प्रश्न नीट विचारता येऊ नये, यातून त्याने कोणता धडा घ्यावा? धारवाड असो, पुण्याची सदाशिव पेठ असो वा दिल्लीचे मुखर्जी नगर, अभ्यासिकांत सरणाऱ्या वर्षांचा हिशेब कोणतीही परीक्षा यंत्रणा ठेवत नाही.

याच रस्त्यावरच्या वरुणा परिसरातील सिद्धरामनहुंडी या खेड्यातून सिद्धरामय्या आले. म्हैसूर विद्यापीठातून बी.एस्सी. आणि कायद्याची पदवी, मग म्हैसुरात वकिली आणि तेथून राजकारण. टी. नरसीपूरचे आमदार महादेवप्पा हे डॉक्टर. ग्रामीण कुटुंबातील मुलाला पदवी थेट दुसऱ्या आयुष्यात नेऊन सोडू शकत होती, त्या काळातील ही माणसे. आज पदवीला तेवढा जोर उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. निरक्षराला काम नाकारणे परवडत नाही, हे यामागचे एक कारण आहेच. पण तीन वर्षे शिकलेल्या मुलाने त्या शिक्षणाला साजेसे काम मागणे हा काही हट्ट म्हणता येणार नाही.

मग या मुलांना सल्ला कोणी द्यायचा? महाविद्यालयात ते काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून असते. राज्यातील या महाविद्यालयांचे अध्यापन दहा हजारांहून अधिक अतिथी प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे. पदव्युत्तर पदवी, अनेकांकडे नेट वा पीएच.डी. आणि नेमणूक मात्र शैक्षणिक वर्षापुरती. २०२३ च्या अखेरीस सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी ते आठवडेच्या आठवडे संपावर होते. सरकारने मानधन वाढवले, कायम केले नाही. उच्च शिक्षणाची सर्वांत जवळची जाहिरात म्हणून विद्यार्थी रोज ज्या माणसाकडे पाहतात, त्यालाच पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे ठाऊक नसते. कारकीर्द मार्गदर्शनाचे कितीही मेळावे भरवले, तरी हे दृश्य त्यांच्यावर मात करते.

त्यात अभ्यासक्रमाची ओढाताण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सर्वांत आधी राबवण्याचा मान घेत कर्नाटकने २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा आणला. सत्ताबदलानंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम शिफारशीनंतर २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद आहेत. तथापि, एकाच इमारतीत दोन आराखड्यांनुसार शिकणाऱ्या मुलांना दोन्हींतला फरक समजावून सांगणारे कोणी नव्हते.

तालुक्यात संधीच नाहीत, असेही नाही. म्हैसूर सिल्कच्या प्रसिद्ध साड्यांसाठी रेशीमधागा काढणारा सरकारी कारखाना टी. नरसीपुरातच आहे. सोमनाथपूरचे केशव मंदिर याच तालुक्यातले. सप्टेंबर २०२३ मध्ये ते होयसळ मंदिरांसह जागतिक वारसा यादीत गेले. इतिहास किंवा वाणिज्य शिकणाऱ्यांना यांतून काम मिळू शकते, पण थोड्यांनाच. त्याची भलावण करण्यात अर्थ नाही. एवढे मात्र खरे की, त्या कामांना पदनाम नाही, अधिसूचना नाही आणि म्हणून स्वप्नांच्या यादीत त्यांना स्थान नाही.

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेचा अनुभवही बोलका आहे. पहिल्या फेरीत ८२ हजारांच्या आसपास प्रस्ताव दिले गेले, प्रत्यक्ष रुजू झाले ते नऊ हजारांहूनही कमी. ठिकाण दूर असणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पाच हजार रुपयांत परगावी राहायचे कसे, हा प्रश्न टी. नरसीपुरातील घरात पहिल्या मिनिटाला विचारला जातो. त्या मानाने जून २०२३ पासूनचा महिलांचा मोफत बसप्रवास हे खरे कारकीर्द धोरण ठरावे. मुलीने म्हैसूरला पुढे शिकायला जावे की नाही, या घरगुती वादातून निदान भाड्याचा मुद्दा त्याने काढून टाकला.

राज्याची ‘युवा निधी’ योजना पदवीनंतर १८० दिवस काम न मिळालेल्या पदवीधराला दरमहा तीन हजार रुपये देते, जास्तीत जास्त दोन वर्षे. तो आधार काढून घेऊ नये. मात्र हिशेब असा : एका पदवीधराला दोन वर्षांत ७२ हजार, दहा जणांना सात लाख वीस हजार. दरमहा तीस हजार रुपयांवर एक पूर्णवेळ समुपदेशक दोन वर्षे नेमायलाही नेमकी एवढीच रक्कम लागते. त्याने पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर परीक्षांची खरी आकडेवारी, जागा आणि अर्जदारांचे प्रमाण, वयोमर्यादा, शिष्यवृत्त्या आणि नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीतील कामे ठेवावीत. पालकांशी कन्नडमध्ये बोलावे. आणि त्याची नेमणूक मार्चअखेर संपणारी नसावी. ४३० महाविद्यालयांसाठी हा खर्च वर्षाला साडेपंधरा कोटींच्या आत बसतो.