झाकलेल्या ओळी कोठे जातात?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने आहेत. समजा, त्यांपैकी एकात काम तीन पाळ्यांत चालते आणि दिवसाचे उत्पादन एक्सेलच्या तक्त्यात लिहिले जाते. ओळ 2 ते 5 पहिल्या पाळीच्या, 6 ते 9 दुसरीच्या, 10 ते 13 तिसरीच्या. 14व्या ओळीत बेरीज. पर्यवेक्षकाला एका वेळी एकच पाळी पाहायची आहे. काय करावे?

पहिल्या ओळीवर तीन गोल 'ऑप्शन बटणे' बसवावीत. यांना रेडिओ बटणे असेही म्हणतात. जुन्या मोटारींतील रेडिओचे एक बटण दाबले, की आधी दाबलेले बटण आपोआप वर येई. येथेही तसेच, एका वेळी एकच निवड. ही बटणे तक्त्यातील एका घराशी जोडली, की त्या घरात निवडीप्रमाणे 1, 2 किंवा 3 हा आकडा उमटतो.

आता मॅक्रो. मॅक्रो म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञांची यादी. बटण दाबताच ती क्रमाने अमलात येते. आपली यादी दोनच आज्ञांची आहे: आधी 2 ते 13 या सर्व ओळी उघड; मग घरातील आकडा पाहून इतर पाळ्यांच्या ओळी झाक. पहिली आज्ञा वगळली तर? पहिल्या पाळीनंतर दुसरी निवडताच पहिलीच्या ओळी झाकल्या जातील, आणि दुसरीच्या तर आधीपासूनच झाकलेल्या! एकही पाळी दिसणार नाही.

आता एक गंमत पाहा. तीन पाळ्यांचे उत्पादन अनुक्रमे 420, 380 आणि 350 नग आहे. पहिली पाळी निवडली. दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज 420; पण 14वी ओळ सांगते 1150! संगणक चुकला का? नाही. झाकणे म्हणजे पुसणे नव्हे. ओळीची पडद्यावरील उंची शून्य होते. आकडे जागच्या जागी असतात आणि 'सम' हे सूत्र ते मोजतेच. दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल, तर 'सबटोटल' सूत्रात 109 हा संकेतांक द्यावा. 9 दिल्यास मॅक्रोने झाकलेल्या ओळीही मोजल्या जातात.

हा फरक लहान नाही. 420 ऐवजी 1150 नगांचा हिशेब धरून खोकी मागविली, तर 730 खोकी पडून राहतील! शिवाय तक्ता दुसऱ्याला पाठविला, की झाकलेल्या ओळीही सोबत जातात. त्या कोणीही उघडू शकतो.

शाळेतील अ, ब, क तुकड्यांच्या उपस्थितीचा तक्ता घेऊन हा प्रयोग करा. प्रत्येक बटण दाबून दोन्ही सूत्रांची उत्तरे ताडून पाहा.