गरोदरपण, हळदीचे दूध आणि लोहाची गोळी
हळद उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यात सर्दी-खोकल्यावर हळदीचे दूध हा घरोघरचा उपाय होय. स्वयंपाकातील प्रमाणात हळद गरोदर स्त्रीस सामान्यतः सुरक्षित असते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. प्रश्न वेळेचाही आहे. ‘ॲनिमियामुक्त भारत’ (२०१८) कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीस दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. दुधातील कॅल्शियम व चहातील टॅनिन लोहाचे शोषण घटवतात. म्हणून गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी आणि दूध-चहा दोन तासांच्या अंतराने. तीव्र रक्तक्षय राहिल्यास प्रसूतीतील रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. ताप वा धाप असल्यास घरगुती उपायांवर न विसंबता त्वरित वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट ठरते.