उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडे

पाऊस थांबल्यावर डबक्यातून सायकल काढा, थोडं पुढे जाऊन उतरा आणि कोरड्या रस्त्यावर उमटलेल्या ओल्या खुणा पाहा. मागच्या चाकाची रेघ बरीचशी सरळ असते; पुढच्या चाकाची मात्र नागमोडी, तिला पुन्हापुन्हा छेदणारी. तोल सांभाळण्याचं सगळं काम या नागमोडी रेघेत दिसतं.

सायकल उजवीकडे कलली की आपण नकळत हँडल उजवीकडेच वळवतो. चाकं कललेल्या अंगाखाली सरकतात आणि सायकल सावरते. तळहातावर काठी उभी धरताना ती जिकडे पडू लागेल तिकडे हात नेतो ना, तसंच. शिकाऊ मूल घाबरून हँडल उलटीकडे ओढतं आणि गुडघे फोडून घेतं.

वळताना आत ढकलणारा जोर टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून, म्हणजे अगदी जमिनीलगत मिळतो. सायकल ताठ ठेवली तर चाकं आत जातील आणि आपण बाहेर कोसळू. म्हणून आत झुकावं लागतं. ताशी 18 किलोमीटर वेगाने 10 मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला साधारण 14 अंश. वेग दुप्पट केला तर जवळजवळ 45. चालवणारा लठ्ठ की बारीक, याने हिशेब बदलत नाही.

पण झुकायचं कसं? उजवीकडे वळण्याआधी हँडल क्षणभर किंचित डावीकडे जातं. चाकं डावीकडे सरकतात, शरीर उजवीकडे कलतं आणि मगच हँडल उजवीकडे येतं. विमानाआधी सायकली बनवणारा विल्बर राइट लोकांना विचारायचा, तुम्ही डावीकडे कसे वळता? पूर्ण बरोबर उत्तर त्याला मिळत नसे. मोकळ्या मैदानात बेताच्या वेगाने जाताना हँडलची उजवी मूठ तळव्याने हलकेच पुढे ढकला. सायकल उजवीकडे जाईल. फुटपाथच्या कडेला अगदी चिकटून चालवताना बाहेर निघता येत नाही, तेही याचमुळे: दूर व्हायला आधी कडेकडे वळावं लागतं आणि तिथे जागाच नसते.

फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे सायकल उभी राहते, असं अजूनही सर्रास सांगतात. तो गुण मदत करतो, पण सारं श्रेय त्याचं नाही. 1970 साली डेव्हिड जोन्स यांनी उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळपास पुसून टाकला, तरी ती सायकल सहज चालवता आली. 2011 साली संशोधकांनी हा गुणही नसलेली आणि पुढचं चाक हँडलच्या आसामागे फरफटतही नसलेली छोटी सायकल बनवली. स्वाराशिवाय ढकलल्यावरही ती स्वतःला सावरत धावली, कारण वजनाच्या मांडणीमुळे तिचं हँडल झुकत्या बाजूला आपोआप वळत होतं.