कॅफी रोग
कॅफी रोग हा तान्ह्या बाळांच्या हाडांचा एक दुर्मीळ, सौम्य व बहुधा आपोआप बरा होणारा विकार आहे. जॉन कॅफी व विल्यम सिल्व्हरमन यांनी १९४५ मध्ये त्याचे वर्णन केले. अनेक रुग्णांत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेन प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळते. हा संबंध २००५ मध्ये स्पष्ट झाला.

लक्षणे
सहसा वयाच्या पहिल्या पाच महिन्यांत ताप, चिडचिड आणि हाडांवर टणक, वेदनायुक्त सूज दिसते. खालचा जबडा, जत्रुक व बरगड्या विशेषतः बाधित होतात.

निदान
क्ष-किरण चित्रात हाडाच्या बाह्य आवरणाखाली (पर्यस्थिकला) नव्या हाडाचे थर दिसतात. लांब हाडांची टोके मात्र सहसा अबाधित राहतात. रक्तातील दाहदर्शक घटक जंतुसंसर्गातही वाढत असल्याने केवळ रक्ततपासणीवरून निदान करता येत नाही. अस्थिमज्जादाह, जन्मजात उपदंश, अर्बुद व मारहाणीमुळे झालेल्या इजा वगळाव्या लागतात. हृदयविकारासाठी दीर्घकाळ दिलेल्या प्रोस्टाग्लँडिनमुळेही असेच बदल होतात. जबड्याची सूज निदानास मोठा आधार देते. चुकीच्या निदानामुळे बाळावर अनावश्यक प्रतिजैविके वा शस्त्रक्रियेची वेळ येते, तर पालकांवर मारहाणीचा संशय येऊ शकतो.

उपचार
वेदनाशामक औषधे व नियमित निरीक्षण बहुधा पुरेसे ठरते.